मदत हवी आहे: कॅथेटरने (बारीक नळीतून) बसवायच्या एओर्टिक व्हॉल्व्हसाठी (हृदय आणि महाधमनी यांच्यामधली कृत्रिम झडप) मेंढी चालेल का?

6 महिन्यांची प्राण्यांवरची चाचणी प्लॅन करतोय. साधं डुक्कर बाद, ते इतकं झपाट्याने वाढतं की शेवटी व्हॉल्व्हच लहान पडतो. व्हॉल्व्हच्या टिश्यूवर कॅल्शियम साचतं का हे कोवळ्या मेंढीत लवकर कळतं म्हणून कल तिकडे, पण तिची असेंडिंग एओर्टा (महाधमनीचा हृदयातून वर जाणारा भाग) आखूड, कोरोनरीची (हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची) तोंडं खाली आणि तिची स्वतःची निरोगी झडप इतकी मऊ की स्टेंटला (व्हॉल्व्हच्या जाळीदार चौकटीला) पकडच मिळत नाही, अक्यूट (त्याच दिवशी संपणाऱ्या) प्रयोगात व्हॉल्व्ह सरळ व्हेंट्रिकलमध्ये (हृदयाच्या खालच्या कप्प्यात) घसरला. सीटीवरून मोजून मोठा साइझ घातला तर हार्ट ब्लॉक (हृदयाचे विद्युत संदेश अडतात). बेंच टेस्टिंग (प्राण्याविना प्रयोगशाळेतली चाचणी) झालंय, एथिक्सची परवानगी आहे, स्टेंटचं डिझाइन मात्र आता बदलता येणार नाही. पल्मनरी जागी (फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीच्या झडपेच्या जागी) बसवला तर प्रेशर कमी, मग टिकाऊपणाबद्दल काय बोलणार? मेंढीत एओर्टिक जागीच केलंय अशांनी अँकरिंग (व्हॉल्व्ह जागी घट्ट धरून ठेवणं) कसं जमवलं, की सरळ मिनीपिगकडे (लहानच राहणाऱ्या डुकराच्या जातीकडे) वळू?