ब्लास्टोसिस्टपर्यंत भ्रूण पोहोचले, म्हणजे त्या जनुकाची तोवर गरज नव्हती का?

प्रश्न (आरोही): आमच्या प्रयोगशाळेत एका जनुकाची एकच प्रत निकामी असलेल्या उंदरांचा आपसात संकर केला असता, दोन्ही प्रती निकामी असलेले एकही पिल्लू जन्मले नाही. साडेतीन दिवसांच्या ब्लास्टोसिस्टमध्ये (गर्भाशयात रुजण्याआधीचा पोकळ गोळ्यासारखा भ्रूण) मात्र १:२:१ हेच प्रमाण दिसते, म्हणजे दोन्ही प्रती निकामी असलेली भ्रूणे अपेक्षेप्रमाणे एक चतुर्थांश असतात. पहिल्या साडेतीन दिवसांत हे जनुक अनावश्यक आहे, असे लिहिणे योग्य ठरेल का?

मृण्मयी: माझ्या मते नाही. उंदराच्या भ्रूणाचा स्वतःचा जीनोम (संपूर्ण जनुकसंच) मुख्यतः दोन पेशींच्या अवस्थेत कार्यरत होतो. त्याआधीचा कारभार अंडपेशीत साठवलेल्या आरएनए आणि प्रथिनांवर चालतो, आणि तुमच्या संकरातील मादीकडे एक चांगली प्रत असल्यामुळे ही शिदोरी प्रत्येक भ्रूणाला मिळालेलीच असते. ई-कॅडहेरिन या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या प्रथिनाचे उदाहरण पाहा. १९९४ मध्ये दिसले की त्याचे जनुक नसलेल्या भ्रूणांतही आठ पेशींच्या सुमारास पेशी एकमेकींना बिलगतात, पण पुढे ट्रोफेक्टोडर्मचा बाह्य थर बनत नाही. पुढे झेडपी३-क्री (वाढत्या अंडपेशीतच जनुक कापून काढणारे साधन) वापरून अंडपेशीतूनच ते जनुक काढल्यावर आठ पेशींच्या अवस्थेतले ते बिलगणेही थांबले, आणि पित्याकडून चांगली प्रत मिळालेली भ्रूणे मोरुला (ब्लास्टोसिस्टच्या आधीचा भरीव पेशीगोळा) अवस्थेत सावरली. तुम्हालाही अशाच मादीचा संकर एकच प्रत निकामी असलेल्या नराशी करावा लागेल.

अनिरुद्ध: सहमत. शिवाय ब्लास्टोसिस्ट दिसायला व्यवस्थित असणे हा फार कमकुवत पुरावा आहे. ऑक्ट४ हे जनुक नसलेल्या उंदरांच्या भ्रूणांत ब्लास्टोसिस्ट बनते, परंतु आतील पेशीसमूहाची बहुविभवक्षमता (शरीरातील सर्व प्रकारच्या पेशी बनण्याची क्षमता) नसते आणि त्या पेशी ट्रोफोब्लास्टच्या (बाह्य थराच्या पेशींच्या) वाटेला जातात, हे १९९८ मध्ये दाखवले गेले. म्हणून ऑक्ट४ व नॅनोग (आतील पेशीसमूहाची खूण) आणि सीडीएक्स२ (बाह्य थराची खूण) या प्रथिनांसाठी प्रतिदीप्त रंजके लावून दोन्ही वंशांतील पेशी मोजा, आणि काही ब्लास्टोसिस्ट संवर्धनात वाढवून आतला पुंजका टिकतो का ते पाहा. जनुकप्ररूप तपासणी (कोणत्या भ्रूणात कोणत्या प्रती आहेत ते पाहणे) शेवटी करा, म्हणजे मोजणी पूर्वग्रहाविना होईल.

आरोही: मनःपूर्वक आभार. साडेसहा आणि साडेनऊ दिवसांचे गर्भही तपासावेत का?

मृण्मयी: अवश्य, आणि रिकामे गर्भस्थान दिसल्यास तेही नोंदवा, कारण तिथे भ्रूण रुजून मग नष्ट झालेला असतो. नवव्या-दहाव्या दिवसाच्या सुमारास मृत्यू होत असेल तर आधी वार (अपरा, प्लासेंटा) तपासा. दोष पुष्कळदा तिथे असतो. निष्कर्ष मात्र उंदरापुरताच लिहा, कारण २०१७ मध्ये मानवी भ्रूणातून ऑक्ट४ काढल्यावर ब्लास्टोसिस्ट बनण्याची क्रियाच बिघडली होती.