पोराचा चोरीचा व्हिडिओ पेठभर फिरतोय. आता काय करता येईल?

शिकवणीवाल्या ताई, शिवाजी पेठ

माझ्याकडं नववीचा एक मुलगा गणिताला येतो. म्हणजे यायचा. मागच्या महिन्यात त्यानं इथं कोल्हापुरात महाद्वार रोडकडच्या एका मोबाईलच्या दुकानातून इअरफोनचं पाकीट उचललं आणि कॅमेऱ्यात सापडला. आईनं त्याच संध्याकाळी त्याला दुकानात नेलं. पाकीट परत दिलं, पोरानं हात जोडून माफी मागितली, मालकही म्हणाले, "जाऊ दे, परत असं करू नकोस." तोवर व्हिडिओ व्यापाऱ्यांच्या ग्रुपवरून पेठेच्या ग्रुपवर आणि तिथनं एका इन्स्टाग्राम पेजवर गेला होता. तोंडाभोवती लाल गोल, खाली "या चोराला ओळखा", मागं हलगीचा कडकडाट.

मी तो व्हिडिओ बघितलाय. पाकीट उचलतो, ठेवतो, परत उचलतो, काउंटरकडं बघतो, जर्किनच्या आत सरकवतो. आणि निघताना रॅकवरची बाकीची पाकिटं सरळ लावून जातो. एवढं बघून मी फोन खाली ठेवला. हे पोर मला माहीत आहे.

आता तालीम बंद. तिथं त्याला "इअरफोन" म्हणूनच हाक मारतात. शाळेच्या वेळेला रोज पोटात दुखतं. आई दोन घरी स्वयंपाकाला जायची, त्यातल्या एका घरानं "सध्या नको" म्हणून सांगितलं. मी घरी गेले तर पोरगं माळ्यावर जाऊन बसलेलं, खाली उतरलंच नाही. आई म्हणते, गडहिंग्लजला मामाकडं पाठवते. पाठवावं का? आणि तो व्हिडिओ काढून टाकता येतो का? कायद्यातलं कुणाला माहीत असेल तर कृपा करून सांगा.

राजारामपुरीतला दुकानदार

ताई, पोराचं वाईट वाटलं. पण आमची बाजूपण ऐका. दर महिन्याला माल जातो. तक्रार द्यायला गेलो तर अर्धा दिवस दुकान बंद आणि हाती काही लागत नाही. ग्रुपवर व्हिडिओ टाकला की माणूस दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन दारात उभा राहतो, हे मी स्वतः अनुभवलंय. चार लोकांत अब्रू जाईल ही भीती नसेल तर कोण कुणाला विचारणार? दुकानदारानं टाकला यात मला चूक दिसत नाही.

उचगावची लेक

दादा, तुमचा माल जातो ते खरं आहे, तुमचा राग मला कळतो. पण हलगीचं वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवेना.

आमचे पप्पा एका ओळखीच्या माणसाच्या कर्जाला जामीन राहिले होते. त्या माणसानं हप्ते थकवले. एका पतसंस्थेची माणसं सकाळी आमच्या दारात आली, सोबत दोन हलगीवाले. मी तेव्हा सातवीत. वेणी घालून घेत होते, अर्धी वेणी तशीच राहिली. गल्लीतली सगळी माणसं दारादारात उभी. त्यातलं एक माणूस पप्पांचं नाव आणि रक्कम मोठ्यानं वाचून दाखवत होतं. पप्पा आत कॉटवर बसून होते, एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरून.

तुम्ही म्हणता तसं झालंच, पैसे भरले गेले. आईच्या पाटल्या मोडून. म्हणजे उपाय लागू पडला म्हणायचा. पण पप्पांनी त्यानंतर कुणाच्या लग्नाची पंगत घेतली नाही. दूध आणायला उजाडायच्या आत जायचे. त्यांच्याकडं सल्ला मागायला येणारी माणसं यायची थांबली, का तेच येणाऱ्यांना टाळायला लागले, मला आजपण सांगता येत नाही. मूळ कर्जदारानं नंतर आमचे पैसे फेडले. ते सांगायला मात्र गल्लीत कोण हलगी घेऊन आलं नाही. लोकांच्या डोक्यात पप्पा बुडवेच राहिले.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेनं बँका आणि वित्त कंपन्यांना बजावलं, की वसुलीसाठी कर्जदाराचा जाहीर अपमान करायचा नाही, घरच्यांना आणि मित्रांना छळायचं नाही, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचे नाहीत. ती बातमी मी पप्पांना वाचून दाखवली. काही बोलले नाहीत, फक्त परत एकदा वाचायला लावली.

पप्पा तेव्हा पंचेचाळिशीचे होते. हे पोर चौदा वर्षांचं आहे. ताई, गडहिंग्लजला पाठवायचं तर त्याला विचारून पाठवा. घरच्यांनाही मी नकोसा झालोय, असं त्याच्या मनात बसायला नको. व्हिडिओ तिथल्या फोनवरपण दिसतो. आणि पोरगं "जगून काय उपयोग" असं काही बोललं तर त्याला एकटं सोडू नका. सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठी १०९८, दोन्ही नंबर मोफत आहेत, रात्री-अपरात्रीपण लागतात.

कोर्टाच्या कामातला

मुद्द्याचं सांगतो. बाल न्याय कायदा, २०१५, कलम ७४: कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला बंदी. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलमाचा रोख चौकशी, तपास आणि खटल्याच्या बातम्यांवर आहे. इथं पोलिसांत तक्रारच नाही, त्यामुळं ते जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणत नाही. पण कायद्याची नजर बघा. याच कायद्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणं अल्पवयीन मुलाच्या असल्या किरकोळ चोरीत पोलीससुद्धा एफआयआर नोंदवत नाहीत, स्टेशन डायरीत नोंद करतात. मोठ्या माणसानंसुद्धा पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी केली आणि वस्तू परत दिली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये शिक्षा समाजसेवेची आहे.

दुकानदार दादांसाठी: "व्हिडिओ खरा आहे" एवढ्यावर बदनामीतून सुटका होत नाही. न्याय संहितेच्या कलम ३५६ च्या अपवादात, गोष्ट खरी असावी आणि ती सांगण्यात लोकांचं हित असावं, अशा दोन्ही अटी आहेत. माल परत मिळाल्यावर व्हिडिओ फिरवत ठेवण्यात कसलं हित?

ताई, आधी पेजचे स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा. मग ॲपमध्ये "अल्पवयीन मुलगा" हे कारण देऊन रिपोर्ट करा. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणं प्रत्येक प्लॅटफॉर्मला तक्रार निवारण अधिकारी ठेवावाच लागतो, त्याला आईच्या नावानं मेल जाऊ दे. नाही हटलं तर सायबर पोलीस ठाणं. आई घाबरत असेल तर सोबत जा.

शिकवणीवाल्या ताई, शिवाजी पेठ

सगळ्यांचे आभार. मेल आत्ताच आईकडून पाठवून घेतला, पेजचा रिपोर्टही केला. वस्तादांशी बोलले. ते म्हणाले, "पोराला घेऊन या, मी स्वतः मातीत उतरतो त्याच्याबरोबर. नाव ठेवणाऱ्यांचं मी बघतो." उचगावच्या ताई, तुमचं लिहिलेलं मी त्याच्या आईला वाचून दाखवलं. गडहिंग्लजचं तिनं पोरावर सोडलंय. तो अजून काही बोललेला नाही.

राजारामपुरीतला दुकानदार

मोठा माणूस असता तर मी अजूनपण टाका म्हटलं असतं, खोटं कशाला बोलू. पण लहान पोराचं आणि माल परत मिळालेला, हे चूक आहे. आमच्या ग्रुपवरचा व्हिडिओ ॲडमिनला सांगून काढायला लावलाय, आणि पोरांचे व्हिडिओ टाकायचे नाहीत असं लिहून टाकलंय. दोघांनी वाद घातला, घालू देत. ताई, त्या पेजचं नाव मला मेसेज करा. चालवणारं पोर आमच्या ओळखीतलं निघालं तर आज संध्याकाळीच गाठतो.