एकच स्वयंपाक, ८ महिन्यांच्या बाळापासून ७६ वर्षांच्या सासूबाईंपर्यंत: कुणाच्या ताटात काय वाढवू?

पाटावरवंटा:
आम्ही कराडला एकत्र राहतो. दिराचं बाळ ८ महिन्यांचं, जाऊ अंगावर पाजते. माझी मुलगी १४ वर्षांची. मी ४८ची, पाळी मागेपुढे व्हायला लागली आहे. सासूबाई ७६च्या, वजन ५० किलोच्या आसपास, साखर आहे, त्यासाठी मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे, दात थोडेच उरलेत. बाकी दोघं पुरुष धडधाकट आहेत.

रोजचा बेत ठरलेला: ज्वारीची भाकरी, भाजी, आमटी किंवा वरण, भात. अंडी चालतात, सासूबाई मात्र पूर्ण शाकाहारी. "या वयात मला कशाला लागतंय? अर्धी भाकरी पुरे," म्हणतात आणि रात्री चहा-खारीवर भागवतात. वर्षभरात दंड फार बारीक झालेत, खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो. मुलगी सकाळी नुसता चहा पिऊन शाळेत जाते आणि जिना चढताना दमते. मला या दोघींची जास्त काळजी वाटते. पाच वेगळे स्वयंपाक जमणार नाहीत. आहे त्याच बेतातून काय करता येईल?

मेतकूट:
ताई, मी आहारतज्ज्ञ आहे. आधी सासूबाईंबद्दल, कारण तिथे समजूतच उलटी आहे. वय वाढलं की उष्मांक कमी लागतात हे खरं, पण प्रथिनं कमी लागत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीत प्रौढांसाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं आहेत. म्हातारपणी स्नायू झिजू नयेत म्हणून आता बरेच तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सांगतात. म्हणजे त्यांना दिवसाला ५० ग्रॅमच्या वर. अर्धी भाकरी आणि चहा-खारीत त्याचा पाव हिस्साही होणार नाही.

पण साखर आहे, म्हणून आधी किडनीची तपासणी करा. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील. बी-१२ जीवनसत्त्वही तपासून घ्या. शाकाहार, वय आणि मेटफॉर्मिन या तिन्हींनी ते कमी होतं. वजन उतरत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, ते वयावर ढकलू नका.

तपासणी ठीक आली तर प्रत्येक खाण्यात थोडं थोडं प्रथिन घाला. सकाळी मुगाचं मऊ धिरडं. दुपारी घट्ट वरण आणि वाटीभर दही. रात्री खारीऐवजी मऊ खिचडी, डाळ नेहमीपेक्षा जास्त घालून, वर कुस्करलेलं पनीर. पनीर ५० ग्रॅम घेतलं तर त्यातच ९-१० ग्रॅम प्रथिनं मिळतात. दाण्याचा बारीक कूट आणि डाळ्याचं पीठ दात नसतानाही खाता येतं. जोडीला, झेपेल तसं, खुर्चीतून उठ-बस करायला लावा. नुसत्या खाण्याने स्नायू भरत नाहीत.

ओसरी:
माझी आईही असंच म्हणायची. तिला "खा" म्हटलं की राग यायचा. मग तिचं ताट आधी वाढून, शेजारी बसून जेवायला लागलो, तेव्हा खाणं वाढलं. एकटं जेवणारं माणूस चहा-खारीवरच येतं. पाणीही आठवणीने द्या, या वयात तहान कमी लागते.

एकादशीला साबुदाणा करत असाल तर त्याऐवजी राजगिरा आणि दही ठेवा. साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसं काही नाही, शिवाय साखर चढते.

शेवगा:
मुलीबद्दल लिहिते, मी शाळेत शिक्षिका आहे. ताई, आधी हिमोग्लोबिन तपासा. १३ ते १५ वयाच्या मुलींना दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागतं, त्याच वयाच्या मुलांना २२. वाढ आणि पाळी दोन्ही एकदम चालू असतात. पुढे पाळी थांबल्यावर ही गरज १९वर येते. घरात लोहाची सगळ्यात जास्त गरज तिला आहे, आणि आपल्याकडे पोरीच ताट अर्धं ठेवून उठतात.

सकाळचा चहा बंद होत नसेल तर निदान जेवणापासून तास-दीड तास लांब ठेवा. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. उलट लिंबू पिळलं, पेरू किंवा आवळा खाल्ला तर शोषण वाढतं. डब्यात मटकीची उसळ आणि लिंबाची फोड द्या. सरकारी शाळांत आठवड्याला एक निळी गोळी मिळते, लोह आणि फॉलिक ॲसिडची. मुली मळमळतं म्हणून ती टाकून देतात. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. जंताची गोळीही चुकवू नका. हिमोग्लोबिन कमी निघालं तर मात्र नुसत्या खाण्यावर विसंबू नका, औषध लागेल.

दगडीपाटा:
मुलीला आणि सासूबाईंना दुधात घालायची ती डब्यातली पावडर सुरू करा ना. सोपं पडतं.

मेतकूट:
@दगडीपाटा, अशा पुष्कळ पावडरींत साखर बरीच असते. सासूबाईंना मधुमेह आहे. ज्यांना खरंच खाता येत नाही त्यांच्यासाठी खास पावडरी असतात, पण त्या डॉक्टरांनी सांगितल्यावर. आधी दूध, दही, डाळ.

बाळाचं राहिलं. सहा महिन्यांनंतर नुसत्या दुधातलं लोह पुरत नाही, म्हणून आठव्या महिन्यात घट्ट खाणं हवं. वरणाचं पाणी देऊ नका, वरणच द्या. चमचा तिरपा केला तरी पटकन ओघळणार नाही इतकं घट्ट, वर तूप. पोट लहान असतं, त्यामुळे थोड्यात जास्त ताकद हवी. कुकरमधलं वरण फोडणी आणि मीठ पडायच्या आत वाटीभर काढून ठेवा, वेगळा स्वयंपाक करायला नको. अंडं पूर्ण उकडून, कुस्करून चालेल. मीठ वर्षाचं होईपर्यंत आणि साखर दोन वर्षांचं होईपर्यंत नको. मध तर चाटवायलासुद्धा नको, वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. आख्खे शेंगदाणे, फुटाणे घशात अडकतात, चार-पाच वर्षांपर्यंत लांबच ठेवा.

जावेला या काळात रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त लागतात. दूध पाजणारी बाई उपाशी राहिली तर तिचंच शरीर झिजतं. हळिवाचा लाडू, एखादी जास्तीची भाकरी, दुपारचं काहीतरी पोटभर खाणं ठेवा.

पाटावरवंटा:
सगळ्यांचे आभार. उद्याच मुलीचं आणि सासूबाईंचं रक्त तपासायला देते. माझं स्वतःचं विचारायचंच राहिलं. आणि कॅल्शियमची गोळी सगळ्यांनीच घ्यायची का?

मेतकूट:
तुम्ही स्वतःला शेवटी ठेवलंत, तसं करू नका. पाळी थांबल्यावर हाडं वेगाने झिजतात. कॅल्शियमची शिफारस १००० मिलिग्रॅमवरून १२००वर जाते. मुलीला आत्ताच १००० लागतं, कारण हाडांची बहुतेक भर याच वयात पडते. सरसकट गोळ्या नकोत. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असतं, २५० मिली दुधात तीनशेच्या आसपास, आणि तिळात भरपूर. आठवड्यातून तीन-चारदा ज्वारीऐवजी नाचणीची भाकरी करा, भाजीवर तिळकूट घाला, रोज दूध किंवा दही ठेवा. ड जीवनसत्त्वासाठी थोडं ऊनही अंगावर घ्या. हे करूनही डॉक्टरांनी कॅल्शियमची गोळी दिली, तर ती आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नका: एक सकाळच्या जेवणानंतर, दुसरी रात्रीच्या.