मदत हवी आहे: साकेच्या बाटलीचं लेबल न फाटता कसं काढू?

नमस्कार मंडळी, मी तोक्योत निशी-कासाईला राहते. नीगाताहून आणलेली ७२० मिलीची दाइगिंजो साके (खूप घासलेल्या तांदळाची उंची जपानी दारू) संपली, पण बाटलीवरचं लेबल टाकवत नाही. जाडसर वाशी (पारंपरिक जपानी) कागद, कडेला कोझो झाडाच्या सालीचे तंतू सुटलेले, मधोमध ब्रशनं उभी लिहिलेली दोनच अक्षरं. दुसऱ्या अक्षराशी शाई संपत आलीय, तिथे ब्रशच्या केसांचे ओरखडेसुद्धा दिसतात. बाकी कागद कोरा! तांदळाचा दाणा ४५ टक्के उरेपर्यंत घासलाय वगैरे माहिती मागच्या छोट्या लेबलवर.

मागे एक बाटली कोमट पाण्यात बुडवली, तर सोनेरी वर्ख सुटला आणि कागदाचा लगदा झाला. फार हळहळले.

हे मला फ्रेम करायचंय. कोणी असं लेबल अखंड काढलंय का? वाफ द्यावी की हेअर ड्रायर? मागचा गोंद कसा घालवायचा?