मदत हवी आहे: परस्पर संमतीने घटस्फोट, मुलांचा ताबा आणि ऐरोलीचा सामाईक फ्लॅट

घणसोलीकर:
मावसबहिणीसाठी विचारतोय. हिंदू विवाह, दीड वर्षाहून जास्त काळ वेगळे राहतात. मुलं 4 आणि 9 वर्षांची, तिच्याजवळ, शाळा ऐरोलीत. फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्ज 31 लाख बाकी. हप्ता नवऱ्याच्या खात्यातून जातो, डाउन पेमेंट मात्र तिच्या पीएफमधून झालं. तो घोडबंदर रोडला राहतो. म्हणतो, "फ्लॅट तू घे, मोठा माझ्याकडे दे." घटस्फोटाला दोघं तयार आहेत. फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर कसा करायचा?

तारीख_पे_तारीख:
आधी तो "मोठा माझ्याकडे दे" सौदा विसरायला सांगा. ताब्याच्या बाबतीत कोर्ट मुलाचं हित बघतं, फ्लॅटच्या बदल्यात मूल असलं काही मसुद्यात दिसलं तर न्यायाधीश तिथेच थांबवतील. 5 वर्षांखालचं मूल सहसा आईकडेच राहतं (हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा 1956, कलम 6). 9 वर्षांच्या मुलाशी न्यायाधीश चेंबरमध्ये बोलू शकतात, पण त्याची इच्छा म्हणजे निकाल नव्हे. भावंडांची ताटातूट कोर्टाला सहसा पटत नाही.

संमतीच्या अटींत (दोघांनी सही करून कोर्टात द्यायच्या लेखी करारात) "वाजवी भेटी" एवढंच लिहिलं की पुढची भांडणं ठरलेली. स्पष्ट लिहा: पहिला आणि तिसरा शनिवार सकाळी 10 ते रविवार संध्याकाळी 6, न्यायला कोण येणार, सोडायला कोण जाणार, मुलं आजारी पडली तर ती भेट पुढे कधी. मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी, गणपती आणि दिवाळी एक वर्षाआड. पासपोर्टच्या अर्जावर दोघांनी सही करायची हेही घाला. नेमकं हेच राहून जातं आणि ऐन वेळी अडतं. फीचा ठरावीक आकडा टाकू नका, दोन वर्षांत तो अपुरा पडतो. "शाळेच्या पावतीप्रमाणे निम्मी, 15 दिवसांत" असं लिहा. मुलांची पोटगी आईने परस्पर सोडून दिली तरी मुलांचा हक्क जात नाही.

सूची_क्रमांक_दोन:
फ्लॅटचं सांगतो. लग्नानंतर घेतलेलं सगळं आपोआप निम्मं-निम्मं, असं गोव्यात आहे, आपल्याकडे नाही. इथे कागदावर नाव कोणाचं आणि पैसे कोणी घातले हे बघतात. म्हणून पीएफ काढल्याचा उतारा आणि तीच रक्कम बिल्डरला गेल्याची बँकेतली नोंद, दोन्ही शोधून ठेवा. पुरावा नसला की हिस्से सारखे धरतात.

सुरुवात बँकेपासून. कोर्टाचा हुकूमनामा (घटस्फोटाचा अंतिम आदेश) झाला म्हणून बँक नवऱ्याला कर्जातून मोकळं करत नाही, दोघंही कर्जदार राहतात. तिच्या एकटीच्या पगारावर 31 लाख बसतात का, हे बँकेकडून लेखी घ्या. बसत नसतील तर वडील किंवा भाऊ सहकर्जदार लागेल. ही पायरी गाळली तर फ्लॅट तिचा, कर्ज दोघांचं, आणि एक हप्ता चुकला की सिबिल दोघांचा खाली.

मग बक्षीसपत्र. नवऱ्याने राहत्या घराचा हिस्सा बायकोला बक्षीस दिला तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. पण ही सवलत पती-पत्नी असेपर्यंतच. हुकूमनाम्यानंतर तोच दस्त केला तर पूर्ण दराने शुल्क! बक्षीस म्हणजे मोबदल्याशिवाय, त्यामुळे कर्ज आणि पोटगीचा उल्लेख कुठे, कसा करायचा ते वकिलांनाच ठरवू द्या. फ्लॅट गहाण आहे, तेव्हा बँकेचं ना-हरकत पत्र आधी. इमारत सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर असेल तर सिडकोकडे हस्तांतरणाची परवानगी आणि शुल्क विचारून घ्या. भागपत्रावरचं (शेअर सर्टिफिकेटवरचं) नाव बदलायचं काम सोसायटीत सर्वात शेवटी.

घणसोलीकर:
बक्षीसपत्र करून दिलं आणि नंतर कोणी फिरलं तर?

तारीख_पे_तारीख:
फिरू शकतं. संमतीच्या घटस्फोटात कोर्टात दोनदा अर्ज करायचा असतो, मध्ये 6 महिने, आणि हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते. म्हणून बक्षीसपत्राचा मसुदा पहिल्या अर्जाच्या वेळीच तयार ठेवा आणि नोंदणी दुसऱ्या अर्जाच्या तारखेच्या आठवडाभर आधी करा. एकरकमी पैसे ठरले असतील तर डिमांड ड्राफ्ट कोर्टासमोरच हातात द्यायचा. दोन्ही अर्जांमधले 6 महिने माफ करून घेता येतात. पहिल्या अर्जापूर्वी दीड वर्ष वेगळे राहिलेले असावेत आणि ताबा, पोटगी सगळं मिटलेलं असावं. सर्वोच्च न्यायालयाचा 2017 चा अमरदीप सिंग निकाल बघा. तुमच्या बहिणीला तो लागू पडेलसं दिसतंय.

सूची_क्रमांक_दोन:
स्त्रीधन राहिलं. दागिन्यांची यादी करा: वस्तू, ग्रॅममध्ये वजन, कोणी दिला, आज कुठे आहे. लॉकर दोघांच्या नावावर असेल तर अटींवर सही करण्याआधी तो दोघांनी मिळून उघडा आणि तिथेच यादीवर दोघांच्या सह्या घ्या. वकिलाचा खर्च जड जात असेल तर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, महिलांना उत्पन्नाची अट नाही.