विषय: उन्हाळी सहल – बेसबॉलचा सामना कुठे बघायचा?

क्रीडा समिती:
नमस्कार मंडळी, यंदाच्या सहलीत बेसबॉलचा सामना घ्यायचं चाललंय. एकतर सॅन फ्रान्सिस्कोच्या ओरॅकल पार्कमध्ये जायंट्स, नाहीतर वेस्ट सॅक्रामेंटोच्या सटर हेल्थ पार्कमध्ये ॲथलेटिक्स. दुसरं मैदान मुळात छोट्या लीगचं, जेमतेम १४ हजार माणसं मावतात, त्यामुळे खेळाडू अगदी जवळून दिसतात. कुठे जायचं ते कळवा.

फ्रेमॉन्टचे काका:
सॅक्रामेंटोला मी येणार नाही, मंडळानेही जाऊ नये. १९६८ पासून ओकलंडमध्ये नांदलेला हा ॲथलेटिक्स संघ मालकाने उचलून लास व्हेगासला न्यायचं ठरवलं. तिथलं स्टेडियम २०२८ ला उघडायचं, तोवर सॅक्रामेंटोत भाड्याचं बिऱ्हाड! बघायला कोणी येत नाही असं मालक म्हणत होते ना? १३ जून २०२३ ला २७,७५९ लोक मुद्दाम ओकलंडच्या कोलिझियम मैदानात जमले आणि 'संघ विका' म्हणून ओरडले. त्याच आठवड्यात नेवाडाच्या विधिमंडळाने ३८ कोटी डॉलरपर्यंत सरकारी पैसा मंजूर केला. ३३ हजारांच्या स्टेडियमसाठी! यांना आपण वर तिकिटाचे पैसे द्यायचे?

सनीव्हेलहून:
काका, राग रास्त आहे, पण कोलिझियमची अवस्था आठवतेय ना? २०१३ मध्ये ड्रेनेज तुंबून खेळाडूंच्या खोल्यांत घाण पाणी शिरलं होतं. नवं मैदान हवंच होतं. ते कुठे आणि कुणाच्या पैशाने, एवढाच वाद. जायंट्सनी २००० मध्ये आपलं मैदान जवळजवळ सगळं खाजगी पैशावर बांधलं, आणि कॅलट्रेनमधून उतरून चालत जाता येतं. माझं मत तिथेच. फक्त तिथे बसलं की २०२१ ची ती रात्र आठवते. डॉजर्सविरुद्ध पाचवा सामना, नववी म्हणजे शेवटची इनिंग, तीनपैकी दोन बाद, आपण १-२ ने मागे. विल्मर फ्लोरेसने बॅट अर्ध्यात थांबवली आणि पहिल्या बेसवरच्या अंपायरने स्विंग दिली, म्हणजे बॅट फिरवली असं धरून त्याला बाद ठरवलं. १०७ सामने जिंकलेला मोसम तिथेच आटोपला.

मिल्पीटसहून:
ताई, त्या निर्णयावर आजही दाद मागता येत नाही! अंपायरला चॅलेंज करायची २०२६ पासून आलेली यंत्रणा फक्त बॉल की स्ट्राइक, म्हणजे चेंडू फलंदाजाजवळच्या प्लेटवरच्या ठरलेल्या चौकटीतून (झोनमधून) गेला की नाही, एवढंच बघते. बॅट किती फिरली म्हणजे स्विंग, याचं मोजमाप नियमपुस्तकातच नाही. बाकी यंत्रणा झकास. प्रत्येक संघाला दोन चॅलेंज, बरोबर ठरलं तर शिल्लक राहतं. पिचर (चेंडू टाकणारा), कॅचर (मागे झेलणारा) किंवा फलंदाजानेच टोपीवर वा हेल्मेटवर थाप मारून लगेच मागायचं, डगआउटमधल्या (संघाच्या बाकांवरच्या) खाणाखुणा चालत नाहीत. झोनची वरची रेघ फलंदाजाच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर. चेंडू रेघेला चाटून गेला तरी स्ट्राइक, डीआरएससारखी 'अंपायर्स कॉल'ची भानगड नाही. एलबीडब्ल्यूलाही असंच करायला हवं.

फ्रेमॉन्टचे काका:
मुळीच नको. एलबीडब्ल्यूत चेंडू पॅडवर अडतो, पुढे कुठे गेला असता हा अंदाज असतो. इथे चेंडू खरोखरच प्लेटवरून गेलेला असतो. दोन्हींना एकच नियम कसा लावणार?
बेसबॉलच्या यंत्राला मात्र माझा विरोध नाही. २०१० मध्ये डेट्रॉइटला पिचर गॅलरागाचा परफेक्ट गेम (सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाज बेसवर पोचू न देता बाद करणं) शेवटच्या, सत्ताविसाव्या फलंदाजाला अंपायर जिम जॉइसने चुकून सेफ (नाबाद) दिल्यामुळे हुकला. रिप्ले बघून जॉइस रडला, माफी मागितली, गॅलरागानेही मोठ्या मनाने माफ केलं. पण अधिकृत नोंदीत परफेक्ट गेम नाही तो नाहीच. बेसवरच्या अशा निर्णयांना रिप्लेची सोय २०१४ ला झाली.

सनीव्हेलहून:
मग ओरॅकल पार्क ठरलं? आणि काका, कोलिझियम ओस पडलंय असं नाही हं. जून २०२५ मध्ये मेजर लीग क्रिकेटचे सामने तिथे झाले. फिन ॲलनने ५१ चेंडूंत १५१ कुटल्या, १९ षटकार!

फ्रेमॉन्टचे काका:
माहितीये. तेवढे होम रन आमच्या लोकांनी मारले असते तर! ओरॅकल पार्कला येतो, पण टोपी ॲथलेटिक्सची हिरवीच घालणार.

क्रीडा समिती:
चालेल. ओरॅकल पार्क नक्की. प्रत्येक घरातून किती जण येणार ते रविवारपर्यंत कळवा. संध्याकाळी खाडीवरून गार वारा सुटतो, जुलै असला तरी स्वेटर आणा. एलबीडब्ल्यूचा वाद कृपया वेगळ्या मेलमध्ये.