डिस्क मेली तरी विंडोज माझंच होतं, मग दुकानात पैसे कसले घेतले?

घोडबंदरकर
मत मांडतोय, पटलं नाही तर खुशाल फाडा. हार्ड डिस्क बदलल्यावर गिऱ्हाइकाचं मूळ विंडोज न घालता चोरीचं घालायचं आणि वर त्याचेच पैसे लावायचे, ही सरळ फसवणूक आहे.

माझा लॅपटॉप २०१९चा. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, आत एक टीबीची फिरती डिस्क. गणपतीच्या आधी आठवडाभर आतून टक् टक् आवाज यायचा, भिंतीवर पाल चुकचुकावी तसा. मग एके दिवशी काळा पडदा, बूट डिव्हाइस सापडत नाही. स्टेशनजवळच्या एका दुकानात दिला. त्यांनी ५१२ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली, त्याबद्दल तक्रार नाही, मशीन पळायला लागलं. पण बिलात आणखी आठशे रुपये. ‘विंडोज प्रो टाकलंय साहेब, ऑफिससकट, लाइफटाइम.’

घरी येऊन सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन, म्हणजे विंडोजच्या परवान्याचं पान, उघडलं. मजकूर असा की विंडोज तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेमार्फत सुरू आहे. माझी कसली संस्था? माझ्या आयुष्यात संस्था एकच, आमची हाउसिंग सोसायटी, आणि तिला मेंटेनन्सची पावती वेळेवर देता येत नाही. ही पद्धत मोठ्या कंपन्यांसाठी आहे. त्यांच्या सर्व्हरकडून दर १८० दिवसांच्या आत मान्यता नव्याने घ्यावी लागते. क्रॅक, म्हणजे फुकटचं विंडोज चालू करून देणारा चोरटा प्रोग्रॅम, त्या सर्व्हरचं सोंग घेऊन बसतो. त्याला कोणी हात लावू नये म्हणून डिफेंडरला, म्हणजे विंडोजच्या अँटिव्हायरसला, एक अख्खा फोल्डर ‘बघू नकोस’ म्हणून सांगून ठेवला होता. याच मशीनवर मी बँकेचे व्यवहार करतो.

गंमत म्हणजे यातलं काहीच लागणार नव्हतं. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोजची की (परवान्याचा कोड) मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये असते, डिस्कवर नाही. पुढच्या रविवारी शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल उतरवलं, त्याने विंडोज घालायचा पेन ड्राइव्ह बनवला आणि सगळं पुसून विंडोज ११ घातलं. कुठली आवृत्ती हवी हे त्याने विचारलंदेखील नाही. आपणच ‘होम सिंगल लँग्वेज’ ही आवृत्ती उचलली, जी मुळात माझी होती. नेट लागलं आणि ॲक्टिव्हेट. खर्च शून्य.

कोपरखैरणे_रिपेअर
दुकानवाला बोलतोय, आता माझंही ऐका.

साहेब, तुमचं मशीन सोपं होतं म्हणून रविवार सुखाचा गेला. अकराव्या पिढीपासूनची कितीतरी मशीन अशी येतात की सेटअपला डिस्कच दिसत नाही. इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर दुसरीकडून आणून, पेन ड्राइव्हवर मोकळा करून, ‘लोड ड्रायव्हर’ करा तेव्हा ती उगवते. हे माहीत नसेल तर माणूस नवी एसएसडी खराब आहे म्हणून परत करायला येतो.

दुसरं, ही ‘की’ सगळ्यांच्या मशीनमध्ये असते हे कोणी सांगितलं? चार पैसे वाचवायला डॉसवाला, म्हणजे विंडोजशिवाय येणारा, लॅपटॉप घेतलेले कितीतरी आहेत, त्यात की नसतेच. विंडोज ७चं स्टिकर घेऊन येणारे अजून येतात. ती की १० किंवा ११ला चालवायची सोय मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३मध्ये बंद केली. अशा माणसाला ओरिजिनलचा भाव सांगितला की तो समोरच्या गाळ्यात जातो.

आणि खरं सांगू? क्रॅक आम्ही विकत नाही, तो आमच्याकडे मागितला जातो. ‘ऑफिस पण टाका ना, फोटोशॉप पण टाका ना, इतके पैसे घेताय तर.’ मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड विचारला की काका पुण्याला मुलाला फोन लावतात आणि मुलगा मीटिंगमध्ये असतो. तोवर काउंटरवर चार माणसं उभी.

घोडबंदरकर
डॉसचा मुद्दा मान्य, तो मी विसरलो होतो. पण माझ्या मशीनमध्ये की होती ना! ती बघायला किती वेळ लागतो? मजुरी घ्या, आठशेच्या जागी हजार घ्या, ड्रायव्हर शोधण्याचे घ्या. बिलावर ‘इन्स्टॉलेशन’ लिहा. ‘विंडोज प्रो लाइफटाइम’ असं लिहून जे तुमचं नाही ते विकू नका. आणि मी मागितलं नव्हतं, मी फक्त ‘चालू करून द्या’ म्हणालो होतो.

कोपरखैरणे_रिपेअर
‘चालू करून द्या’ याचा अर्थ प्रत्येक गिऱ्हाइकाचा वेगळा असतो, हेच तर दुखणं आहे. बिलाचं मात्र तुम्ही बरोबर बोललात. मी स्वतः ‘सर्व्हिस चार्ज’ लिहितो.

ऐरोलीचा_पेंग्विन
दोघेही एकाच खड्ड्यात उभे राहून भांडताय. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम घाला, ‘की’ लागत नाही, क्रॅक नाही, संस्था नाही. माझा लॅपटॉप सातव्या पिढीचा, विंडोज ११ चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीतच बसत नाही आणि विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. डिस्क गेली तेव्हा मिंट घातलं, आई त्यावर मराठी टाइप करते आणि मालिका बघते.

नौपाडा_ताई
पेंग्विनदादा, तुमच्या आईंना जीएसटी भरायचा नसतो. मी सीएच्या ऑफिसात आहे. टॅली विंडोजवर चालतं. डिजिटल सहीचा टोकन लावला की त्याचं सॉफ्टवेअर विंडोजवरच नीट बसतं, तेसुद्धा दहा वेळा काढून घातल्यावर. वीस तारखेच्या आदल्या रात्री मिंट शिकायला वेळ कोणाकडे आहे?

मी दुकानवाल्यांच्या बाजूने आहे. माझ्या एका दिवसाची किंमत आठशेपेक्षा जास्त आहे. फक्त काय घातलं ते तोंडाने सांगा. आमच्याकडे अशाच क्रॅकने अँटिव्हायरस बंद करून ठेवला होता, ते महिन्याने कळलं.

ऐरोलीचा_पेंग्विन
टोकनचं ऐकून गप्प बसतो.

वाशी_सेक्टर१७
विंडोजवरून एवढं भांडताय, ते तर कुठूनही परत येतं. माझ्या डिस्कबरोबर मुलीचे पहिल्या दोन वर्षांचे फोटो गेले. रिकव्हरीवाल्याने डिस्क वाचली, पण ती बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाने, कुलूपबंद निघाली. त्याची ४८ आकड्यांची की मायक्रोसॉफ्ट खात्यात असते म्हणे. ते खातं कुठल्या ईमेलवर काढलं होतं, ते ना मला आठवत ना हिला.

घोडबंदरकर
घरातल्या सगळ्यांचे जुने ईमेल आणि बंद पडलेले मोबाइल नंबर एकेक करून खात्याच्या लॉगिनवर टाकून बघा. खातं सापडलं तर आत डिव्हाइसेसमध्ये बिटलॉकरच्या की दिसतात. माझ्या मेहुण्याचं खातं असंच कॉलेजच्या वेळच्या ईमेलवर निघालं.

नौपाडा_ताई
बरं, भांडण बाजूला. घरच्या लॅपटॉपची डिस्क कालच बदलून आली, रिकामी. खाली स्टिकरवर विंडोज १० लिहिलंय, म्हणजे की आत असणार ना? आता मीच बसते. सेटअपमध्ये वाय-फाय दिसलंच नाही तर?

कोपरखैरणे_रिपेअर
ताई, की बहुतेक असणार. वाय-फाय नाही दिसलं तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लगेच नेट धरतं. ड्रायव्हर मग अपडेटमधून येतात. यासाठी दुकानात यायची गरज नाही. हे मी दुकानवाला असून सांगतोय, लक्षात ठेवा!

नौपाडा_ताई
ठेवलं. पेन ड्राइव्ह ८ जीबीचा लागतो ना? माझ्याकडे १६चा आहे. त्यावर भाचीच्या हळदीचे फोटो आहेत, पण निम्मा रिकामा आहे. तोच लावू ना?

वाशी_सेक्टर१७
ताई, थांबा! तो अख्खा पुसला जातो.